जाड तार

९ जानेवारी

भावजी,

वर साष्टांग नमस्कार लिहीत नाही. एक तर मी नात्याने मोठी, आणि दुसरं म्हणजे गुडघे धरलेत, कागदावरसुद्धा वाकवत नाही. आशीर्वाद लिहावा तर तुम्ही म्हणाल, ही कोण लागून गेली. तेव्हा दोन्ही राहू दे. तुम्ही तिथे आहात, मी इथे आहे, मध्ये चार वर्षं आहेत. एवढ्यावर भागवून घ्या.

पत्र हातात घेऊन तुमचं तोंड कसं झालं असेल ते मला इथून दिसतंय. ओठ आत, भुवया वर. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही नववीत होता आणि गणित अडलं की असंच तोंड करून बसायचा. मी गावच्या शाळेची सातवी पास. मी म्हणायचे, आणा इकडे, मी सोडवते. आणि तुम्ही खरंच वही द्यायचा! एवढं भोळं माणूस पुढे इंजिनिअर कसं झालं, देव जाणे.

बरं, कामाचं बोलते.

मी अजून त्याच कारखान्यात आहे, खिडकीजवळच्या त्याच टेबलावर. दिवसभर कॉइल गुंडाळते. खुर्ची बदलली, मालकांचं पोट वाढलं, बाकी सगळं जिथल्या तिथे. ॲम्ब्युलन्सचे डबेसुद्धा. तेवीस गाड्यांत तेवीस डबे, गाडीच्या बॅटरीवरून आतल्या ऑक्सिजनच्या मशीनला वीज देणारे. आतला कन्व्हर्टर तुमचा आणि त्याच्या तोंडाशी बसवलेला फिल्टर तुमच्या दादांचा. फिल्टर का लावावा लागला ते विसरला नसाल. तुमच्या कन्व्हर्टरमुळे गाडीच्या वायरलेसवर अशी खरखर यायची की ड्रायव्हर बिचारा एकेक पत्ता तीनदा विचारायचा.

तुम्ही निघून गेलात, पण डबे बंद पडायचे काही थांबले नाहीत. मालकांनी त्यावर त्यांच्या डोक्याने तोड काढली. ड्रायव्हरांना सांगून टाकलं, पेशंट आत असेल तोवर इंजिन बंद करायचं नाही. इंजिन चालू असलं की व्होल्टेज वर राहतं, आणि व्होल्टेज वर असलं की डबा शहाण्यासारखा वागतो. चार वर्षं तसंच रेटलं. आता वरून नवा नियम आलाय. दवाखान्यांच्या दारात धूर नको, उभ्या गाडीचं इंजिन बंद. एक मार्चपासून लागू. म्हणजे इंजिन बंद, बॅटरी म्हातारी, आणि आत कुणीतरी नाकाला नळी लावून पडलेलं. पुढचं मी सांगायला नको.

सोमवारी एक ड्रायव्हर डबा काखेत मारून आला. बडबड्या आहे, मला मावशी म्हणतो.

"मावशी, हा तुमचा लाडका परत झोपला."

"झोपला की तू झोपवलास?"

"गंमत नाही. पेट्रोल पंपावर दोन मिनिटं इंजिन बंद केलं, तेवढ्यात मशीन गप. आजीबाई आत होत्या. मी पळत जाऊन चावी फिरवली म्हणून बरं."

"आजीबाई कशा आहेत?"

"ठणठणीत. मला शिव्या दिल्या तिने. पण मावशी, एक मार्चनंतर मी चावी फिरवली तर नोकरी जाईल, आणि नाही फिरवली तर आजी."

म्हणून हे पत्र. उपाय माझ्याकडे आहे. फिल्टरच्या कपॅसिटरच्या शेजारी अजून एक मोठा कपॅसिटर लावायचा आणि त्याच्या पायात एक रेझिस्टर घालायचा. बस्स. आकृती सोबत काढली आहे, वाकडी आहे, हसू नका. पण दवाखानेवाले म्हणतात, मंजूर झालेल्या डब्यात बदल करायचा तर मूळ आकृतीवर ज्याची सही आहे त्याचीच सही हवी. नाहीतर डबा पुन्हा पहिल्यापासून तपासणीला, वर्षभर. मूळ सही तुमची. फॉर्म पाठवते आहे.

दोष कुठे आहे विचाराल, तर कॉइलमध्ये. पहिल्या नमुन्याच्या डब्यातली कॉइल आणि पुढच्या डब्यांतली कॉइल, यांत फरक पडला आहे. कसा पडला ते आता कोण सांगणार? चार वर्षं झाली.

लोभ असो की नसो, सही असू द्या.

तुमची वहिनी
(या जागेवर अजून दुसरं कोणी आलेलं नाही)


२२ जानेवारी

भावजी,

तुमचं उत्तर आलं. ना नमस्कार ना चमत्कार. पाच प्रश्न आणि खाली तारीख. मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, म्हटलं 'वहिनी' हा शब्द आत चिकटून राहिला असेल.

पण प्रश्न विचारलेत. म्हणजे कागद फाडला नाहीत. एकेक उत्तर देते.

पहिला प्रश्न, कारखान्यात तपासताना हा दोष का सापडत नाही? कारण आपला टेबलावरचा सप्लाय पाच अँपिअरच्या वर जात नाही, म्हणून आपण पहिल्यापासून अर्धेच दिवे लोड म्हणून लावतो, आणि व्होल्टेज ठेवतो सत्तावीस. अर्ध्या ओझ्याखाली, भरल्या पोटी डब्याला काय धाड भरली आहे? ही तपासणीची पद्धत कोणाची, ते मी म्हणणार नाही. तुम्ही आणि तुमचे दादा दोघांनी मिळून ठरवली होतीत, एवढंच म्हणते.

दुसरा, मी कशी तपासली? ड्रायव्हरला जेवणाच्या सुट्टीत बोलावलं. गाडीतल्या दोन्ही बॅटऱ्या काढून त्याने माझ्या टेबलाखाली आणून ठेवल्या आणि कंबर धरून बसला.

"मावशी, एक तास देतो. फोन आला तर या घेऊन पळायचंय."

मी सगळे दिवे लावले. पूर्ण लोड. मीटर लावला आणि बॅटरी उतरायची वाट बघत बसलो दोघं. पंचवीस. चोवीस. चोवीसवर फार वेळ अडली, तेवढ्या वेळात त्याने मला त्याच्या सासूची गोष्ट सांगितली, ती तुम्हाला सांगण्यासारखी नाही. तेवीस. बावीसला डब्यातून बारीक शिट्टी सुरू झाली. चीं अशी, डासापेक्षा बारीक. दिवे नाचायला लागले. साडेएकवीसला डबा मेला.

"हाच तो," ड्रायव्हर म्हणाला. "हाच आवाज. मला वाटायचं माझा कान वाजतो."

तिसरा, दुसरी कॉइल घालून बघितली का? बघितली. नमुन्याचा डबा अजून कपाटात आहे. त्यातली कॉइल काढून या डब्यात घातली. बावीसला शिट्टी नाही. एकवीसला नाही. विसावर डबा स्वतःहून बंद झाला, तो तर तुम्हीच तसा बनवला आहे, बॅटरी अगदी मरू नये म्हणून. पण कॉइलला बोट लावलं तर चटका. फोड आलाय.

चौथा, दोन्ही कॉइलींची मापं. वेढे सारखे. कोअर सारखी. इंडक्टन्सच्या मीटरवर दोन्हीचा आकडा सारखा, म्हणून तर तपासणीत पास होतात. फरक फक्त तारेत. नमुन्यातली तार बारीक आहे, तिचा रोध या जाड तारेच्या सहापट. तुम्ही शिकलेले, तुम्हाला यातून काय ते कळलं असेल.

पाचवा प्रश्न मी वाचला. अक्षर लागलं नाही.

सही अजून नाही आली. आज बावीस तारीख. मी महिना मोजत नाही, फक्त सांगते.

वहिनी


४ फेब्रुवारी

भावजी,

फॉर्म मिळाला. पेन्सिलने भरलेला. 'दोषाचं कारण' या जागी तुम्ही लिहिलंत, फिल्टरच्या कॉइलची तार परस्पर बदलली. 'जबाबदार व्यक्ती' या जागी तुमच्या दादांचं नाव. पुढे 'मयत'. आणि खाली चिठ्ठीत, वहिनी या फॉर्मला होकार कळवा, मी पेनने गिरवून सही करतो, गेलेल्या माणसाचं यात काही बिघडत नाही.

चार वर्षांनी वहिनी म्हणालात, ते या वाक्यात.

आणि पाचवा प्रश्न पुन्हा विचारलात, यावेळी छापील अक्षरात, शाळेतल्या पोराला घालून द्यावा तसा. हा रेझिस्टर किती ओहमचा घ्यायचा हे तुम्हाला कोणी सांगितलं?

अक्षर तेव्हाही लागलं होतं. लिहिते आता. चहा करून घ्या, लांब आहे. मी केला नाही, मला उठायचा कंटाळा आलाय. हल्ली सगळ्याचाच येतो.

तार मी बदलली.

पहिली ऑर्डर आली तेव्हा तुमचे दादा तापाने अंथरुणाला खिळले होते, आठवतंय? तुम्ही कन्व्हर्टरच्या मागे, पाहुण्यासारखे घरी यायचा. त्यांनी माझ्या हातात नमुन्याची कॉइल दिली आणि म्हणाले, हुबेहूब अशाच पंचवीस कर, दोन जास्तीच्या, अक्कल चालवू नकोस. बायकोला एवढं सांगितल्यावर ती अक्कल चालवणार नाही तर काय करणार? ती कॉइल चालू डब्यात अशी तापायची की टेप करपल्याचा वास यायचा. माझ्या मनात आलं, हे आजारी, हाताशी जी तार आली ती गुंडाळली असेल. शेजारच्या कपाटात जाड तारेचं रीळ पडलं होतं. जाड तार गुंडाळायला सोपी नसते, भावजी. बोटं कापतात, वेढा वेढ्यावर चढतो. मी पंचवीसच्या पंचवीस अशा गुंडाळल्या की मधून केस जाणार नाही. वरून पिवळी टेप, बाहेर आलेल्या टोकांना प्लास्टिकची स्लीव्ह. आत काय आहे ते कोणाला दिसतंय?

डबा थंडगार चालला. तुम्ही म्हणालात, माझा कन्व्हर्टर किती थंड आहे बघा. हे म्हणाले, फिल्टरची करामत आहे. दोघांनी श्रेय वाटून घेतलं, मी वाढलं. मनात म्हणत होते, बरे झाले की सांगेन, यांची जिरवीन थोडी.

मग तीन गाड्यांत डबे बंद पडले आणि तुम्ही दोघं माझ्या टेबलाशी उभे राहून भांडलात. मला शब्दन् शब्द आठवतो.

"तुझा कन्व्हर्टर हावरा आहे!"

"आणि तुझा फिल्टर नाचरा! एकटा माझा कन्व्हर्टर तपास, एक केसाचा दोष दाखव!"

"एकटा माझा फिल्टर तपास!"

दोघं खरं बोलत होता. एकेकटे तुम्ही दोघंही निर्दोषच असता. मालकांनी विचारलं, आकृतीवर सही कोणाची? सही तुमची, म्हणून दोषही तुमच्या माथी. तुम्ही त्याच दुपारी गेलात.

तेव्हा मला माहीत नव्हतं हो, जाड तारेने बिघडतं ते. चांगल्या तारेने वाईट होतं असं कोणाला वाटेल? पण ती शिट्टी मला तेव्हापासून ऐकू येत होती, दारात गाडीत डबे लावून बघायचे तेव्हा. तुमच्या दादांचे कान गेलेले, त्यांना बारीक आवाज ऐकू यायचा नाही. मला यायचा. माझ्या कॉइलीतून येतो आणि नमुन्याच्या कॉइलीतून येत नाही, एवढं मला कळत होतं. हातात बॉबिन घेऊन मूग गिळून बसले. तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढचं ऐका. त्यांच्या शेवटच्या दिवसांत, घरी पडून होते तेव्हा, एका दुपारी सांगितलं. म्हटलं, ऐका, त्या कॉइली मी जाड तारेच्या केल्या होत्या. मला वाटलं ओरडतील. उशीवर जरा वर सरकले. मग म्हणाले, कागद दे. छातीवर पाटी धरून तासभर गणित करत होते. नंतर मला समजावलं, तसंच लिहिते, चुकलं तर तुम्ही नीट करा.

म्हणाले, त्याचा कन्व्हर्टर हावरा आहे हे खरं, पण ती त्याची चूक नाही, त्याची जातच तशी. बाहेर ठरलेली वीज द्यायचीच असं व्रत घेतलंय त्याने. म्हणून ताटात कमी पडलं की तो गप्प बसत नाही, उलट जास्त ओढतो. आणि माझा फिल्टर म्हणजे झोपाळा. कॉइल आणि कपॅसिटर, वीज इकडून तिकडे हेलकावते. माझ्या बारीक तारेची कडी कुरकुरायची, घासायची, तापायची, म्हणून झोपाळा दोन हेलकाव्यांत थांबायचा. तू कडीला तेल घातलंस. आता तो हावरा दर हेलकाव्याला बरोबर वेळेवर धक्का देतो आणि झोपाळा थांबतच नाही. व्होल्टेज जितकं खाली, लोड जितकं जास्त, तितका त्याचा धक्का मोठा.

मी म्हटलं, मग बारीक तार घालू परत?

म्हणाले, नको, ती जळून जाईल कधीतरी. तुझीच राहू दे, चांगली आहे. झोपाळ्यावर एक असा बसवू जो जमिनीला पाय घासत राहील. आणि मोठा कपॅसिटर आणि रेझिस्टर काढून दाखवला. मोठा कपॅसिटर का, तर रोजची सरळ वीज त्या रेझिस्टरमधून जाऊन फुकट तापू नये, फक्त हेलकावा जावा. हिशेब करून आकडा लिहिला.

मग म्हणाले, त्याला मी लिहितो. कागदाच्या मागे 'प्रिय' लिहिलं. त्यापुढे तुमचं काय लिहावं त्यांना सुचेना, नाव लिहावं की घरातलं नाव लिहावं. पेन्सिल ठेवली. उद्या म्हणाले. एकोणीस दिवस उद्या म्हणाले. मग तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, उंबऱ्यात उभे राहिलात, पाणी न घेता गेलात. तेव्हा हा कागद आत गादीखाली होता. दोन वर्षं तिथेच होता.

का नाही पाठवला विचाराल. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवत होते, कोणाचं काही वाईट होत नव्हतं, असं मनाला सांगितलं. खरं सांगू? आयुष्यात मला लोकांनी एकाच गोष्टीबद्दल चांगलं म्हटलं. शिक्षण नाही, रूप बेताचं, जिभेला हाड नाही. पण हात चांगला आहे, म्हणतात. तेवढंच होतं माझ्याकडे. त्या हातानेच तुमचं वाटोळं केलं असं लिहायला तोच हात उचलत नव्हता.

कागद पाठवते आहे, मूळ. माझ्याकडे नक्कल आहे, पहिल्या पत्रातली आकृती त्यावरूनच काढलेली.

आणि पेन्सिलचा फॉर्म रबराने पुसून परत पाठवला आहे. गेलेल्या माणसाचं बिघडत नाही म्हणालात. माझं बिघडतं. त्या जागी माझं नाव येईल, ते फॉर्म परत आला की मी इथे भरते. तुम्ही फक्त बदलाच्या आकृतीखाली सही करा. रागावलात तर रागवा. पण सही करून मग रागवा. आजीबाया थांबत नाहीत.

वहिनी म्हणायचं की नाही ते आता तुम्ही ठरवा


१६ फेब्रुवारी

भावजी,

सही मिळाली. पत्र नाही, चिठ्ठी नाही. आकृतीच्या खाली एक ओळ तेवढी, 'दादाचा आकडा बरोबर आहे. रेझिस्टर दुप्पट वॅटचा घ्यावा.' मी ती ओळ मालकांना दाखवायच्या आधी संडासात जाऊन वाचली, कारखान्यात तेवढी एकच जागा आहे जिथे कडी लागते. दोनदा वाचली. दुसऱ्यांदा बाहेरून कोणीतरी दार वाजवलं.

मग मालकांच्या खोलीत गेले. फॉर्म मी पेनने भरलेला होता. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"बाई, हे काय लिहिलंय? जबाबदार व्यक्तीत स्वतःचं नाव?"

"माझंच आहे. खात्री हवी तर हजेरीच्या वहीत बघा."

"असं कोणी लिहितं का? आपण 'मालातली तफावत' असं लिहू. तारेवाल्यावर जाईल."

"तारेवाल्याने काय केलं? त्याने चांगली तार दिली, तिथेच तर सगळं बिघडलं."

"तुम्ही गंमत करताय."

"आयुष्यभर केली. आज नाही."

त्यांनी फॉर्म पुन्हा वाचला. मग म्हणाले, दवाखानेवाल्यांनी हे वाचलं तर ते म्हणणार, या बाईला गुंडाळणीवर ठेवू नका. मी म्हटलं, म्हणू देत. ते म्हणाले, मग मला तुम्हाला पॅकिंगला पाठवावं लागेल. मी म्हटलं, पाठवा, पण आधी ते तेवीस डबे मला करू द्या, दुसऱ्या कोणाला ते उघडता येणार नाहीत. तर म्हणाले, हो, आधी सगळे दुरुस्त करा, मग टेबल सोडा.

म्हणजे माझ्या हकालपट्टीची तारीख माझ्याच हातात दिली. मी किती हळू काम करू शकते ते त्यांना माहीत नाही. पण एक मार्च आहे, म्हणून हळू करता येत नाही.

आणि एक. मी त्यांना विचारलं, चार वर्षांपूर्वी ज्याच्या माथी मारलंत त्याचं काय? ते म्हणाले, पत्र पाठवू. मी म्हटलं, आत्ता सांगा, मी इथे उभी राहून लिहून घेते. खुर्ची नको म्हणाले नाहीत, मीच बसले नाही. दोन ओळी त्यांनी सांगितल्या, मी लिहिल्या, त्यांनी शिक्का मारला. सोबत आहे. 'आपल्या कन्व्हर्टरमध्ये दोष नव्हता असे आता सिद्ध झाले आहे.' माफी बिफी नाही त्यात. मी घालून बघितली, त्यांनी खोडली. खोडलेलं मी मुद्दाम पुसलं नाही, वाचता येतंय.

माझी माफी वेगळी. ती मला लिहिता येत नाही अजून. चार वेळा लिहून बघितली, चारही वेळा मध्येच काहीतरी चावट सुचलं. स्वभावाला औषध नाही.

नऊ डबे झाले. आता डोळे दुखतात.

तुमची


२६ फेब्रुवारी

भावजी,

बावीस झाले. बावीसच्या बावीस मी पूर्ण दिव्यांवर, उतरत्या बॅटरीवर तपासले. मालकांनी नव्या बॅटऱ्या आणून दिल्या, अर्ध्या दिव्यांची पद्धत बंद. विसापर्यंत कोणी चूं केलं नाही. नव्या रेझिस्टरला बोट लावलं, कोमट आहे, दुप्पट वॅटचा सांगितलात ते बरं केलंत. बावीस ड्रायव्हर आले आणि गेले. बडबड्याने विचारलं, "मावशी, आता चावी फिरवायची नाही ना?" म्हटलं, "फिरवलीस तर मी तुझ्या सासूला ती गोष्ट सांगेन." पळाला.

तेविसावा राहिला आहे. कुठे ते ऐका. तुमच्या गावच्या दवाखान्यात.

मला पहिल्यापासून माहीत होतं. यादीत सगळ्यांत खाली होतं. मुद्दाम शेवटी ठेवलं असं म्हणाल तर म्हणा, मी नाही म्हणणार नाही. पण खरंच त्यांच्याकडे एकच गाडी आहे, ती इतक्या लांब पाठवता येत नाही, आणि नऊ तासांचा प्रवास माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. डॉक्टरीण बाईंशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, अठ्ठावीसला सकाळी दहा ते बारा गाडी दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये उभी असेल, दोन तास मिळतील, माणूस पाठवा. मी म्हटलं, पाठवते. तुम्हाला न विचारता म्हटलं.

पाकीट कुरिअरने पाठवते आहे, उद्या मिळेल. आत कपॅसिटर आणि रेझिस्टर आहे, पायांना स्लीव्ह घालून ठेवली आहे. सोल्डरिंगचं सामान तुमचं तुम्ही आणा. कपॅसिटरचा उलटा पाय सुलटा लावू नका, नववीपासून तुमची ती खोड आहे. झाकणाचे चार स्क्रू, डावीकडचा खालचा घट्ट असतो. आत पिवळ्या टेपची कॉइल दिसेल. ती माझी. टेप उलगडून बघावीशी वाटली तर बघा, मी काही बोलणार नाही. बघून झाल्यावर नवी टेप लावा म्हणजे झालं. तिथे जे काही म्हणायचं असेल ते तिला म्हणून घ्या. शेडमध्ये कोणी नसेल. माझ्या तोंडावर म्हणायला नऊ तास लागतील, ती समोरच असेल.

माझं टेबल उद्या सोडायचंय. खणातले रिकामे बॉबिन एका पिशवीत भरलेत. पॅकिंगला खिडकी नाही, पण बसायला स्टूल उंच आहे, गुडघ्यांना बरं. दमले आहे खूप. गुंडाळून नाही, भावजी, चार वर्षं जपून ठेवून दमले. ती माफी अजून लिहून झाली नाही. तर अशीच घ्या, न सजवलेली. तुमच्यावर अन्याय झाला, तो मी केला, आणि मला माहीत असूनही मी गप्प बसले. यात चावट काही सुचलं नाही, बघा.

डबा बंद केल्यावर आत बसा, पेशंटच्या बाकावर. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा. गाडीचे दिवे, पंखा, मशीन, जे काही असेल ते सगळं चालू करा आणि बॅटरी उतरू द्या. बावीसच्या खाली आली की कान द्या. तुमचे कान अजून शाबूत असतील अशी आशा आहे. विसाच्या आधीच मशीन बंद पडलं तर मला फोन करा आणि काय शिव्या द्यायच्या त्या द्या, ऐकून घेईन. नाही पडलं, तर सोबतच्या या डब्याच्या फॉर्मवर 'दुरुस्ती करणाऱ्याचं नाव' आहे तिथे तुमचं लिहा, उतरा आणि घरी जा. मला कळवायची गरज नाही.

कळवलंत तर मी काही ते पाकीट परत पाठवणार नाही.

वहिनी